रात्री अकरानंतरची प्रेरणादायी भाषणं : तुम्हीही बघता का?

मागवाला (वडगाव, बेळगाव)
सोमवार, रात्री ११:५२

मागावर रोज हजारो धागे सांभाळतो, इथं काढलेला हा पहिलाच. तुटला तर सांभाळून घ्या.

करंट गेलाय, मोबाईल चाळीस टक्क्यांवर आहे, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर या वेळेला मी कानात वायर घालून कुणाचं तरी भाषण बघत पडलेला असतो. म्हणजे गाडी विकून आश्रम काढलेला माणूस, दोन्ही हात नसताना पोहणारी मुलगी, तीनदा नापास होऊन अधिकारी झालेला पोरगा, असले सगळे. मराठी, हिंदी, कन्नड, आणि खाली अक्षरं असतील तर इंग्रजीसुद्धा.

सवय लागली २०२०च्या लॉकडाउनमध्ये. माग बंद, सूत येईना, साड्या उचलायला कोणी येईना. सिनेमे बघून कंटाळलो आणि एका रात्री एक बाई समोर आली. जिल बोल्ट टेलर, मेंदूची शास्त्रज्ञ. स्वतःच्याच मेंदूत रक्तस्राव होत असताना आत काय काय बंद पडत गेलं ते ती सांगत होती. मध्येच तिनं खरा माणसाचा मेंदू हातात घेतला, मागं शेपटासारखा मज्जारज्जू लोंबतोय. मी अंथरुणात उठून बसलो. बायको म्हणाली, "काय बघूलालास? झोप की." त्या रात्री झोप काही आली नाही.

तेव्हापासून जवळजवळ रोज एक. हिशेब केला तर हजाराच्या पुढं गेली असतील. बायकोचं म्हणणं, एवढं ऐकून दुसरा कोणी कलेक्टर झाला असता, तू अजून कांड्या बदलतोस. त्यात तिचं काही चुकत नाही.

पण मला खटकतं ते वेगळंच. शेजारच्या चार मागांवर एक वयस्कर कन्नड गृहस्थ आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मी कानात वायर घालून काम करतो हे त्यांना दिसतं. दहाच्या चहाला ते रोज विचारतात, "एन हेळिद्रपा?" काय म्हणाले रे बाबा? आणि मला सांगता येत नाही. आदल्या रात्री डोळ्यांत पाणी आलेलं असतं, अंगावर काटा आलेला असतो, आणि सकाळी तोंडातून निघतं काय, तर "भारी होतं काका". बस्स. मेंदूवाल्या बाईचं तेवढं सांगता आलं होतं, तेही त्या शेपटामुळं.

तर प्रश्न असा, की हे आपण का बघतो? आणि बघितल्यावर राहतं काय?

निपाणीची_सून
मंगळवार, सकाळी ६:१५

मी भाकरी थापताना ऐकते. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला, स्क्रीनवर माझी पिठाची बोटं. दीडपट वेगावर लावते, नाहीतर सगळ्यांची शाळा-ऑफिसं चुकतील. एका वक्त्याला वर्षभर असंच ऐकलं. परवा ते कोल्हापूरला आले म्हणून मुद्दाम गेले, तर मला वाटलं यांची तब्येत बरी नाही की काय, किती हळू बोलतात!

का ऐकते म्हणाल तर घरात कोणी माझ्याशी सलग अठरा मिनिटं बोलत नाही म्हणून. हसण्यावारी न्या.

तिरकस_अनगोळकर
मंगळवार, सकाळी ९:४०

अठरा मिनिटांवरून आठवलं. टेड म्हणजे ही छोटी भाषणं भरवणारी अमेरिकन संस्था, तिची परिषद सुरू झाली १९८४मध्ये, कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावात. तिकीट हजारो डॉलरचं, आत मोजकी श्रीमंत माणसं. २००६मध्ये त्यांनी भाषणं इंटरनेटवर फुकट टाकली आणि मग ती वडगावच्या मागापर्यंत आली. २००९पासून टेडएक्स निघालं, म्हणजे त्यांचे नियम पाळून कुठल्याही गावानं, कॉलेजनं आपला कार्यक्रम करावा. तिथल्या भाषणाला जास्तीत जास्त अठरा मिनिटं, हे मोजूनमापून ठरवलेलं आहे. गंभीर काही सांगायला पुरतं आणि ऐकणाऱ्याची चुळबुळ सुरू व्हायच्या आत संपतं. आपल्याकडचा अध्यक्षीय समारोप आठवा, तिथं अठरा मिनिटं नुसती व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेण्यात जातात.

पण हल्ली साचा झालाय. पहिल्या मिनिटाला आपली फजिती सांगायची, मग वडिलांचे कष्ट, मग थांबून पाणी प्यायचं, मग एक आकडा, शेवटी लोकांना उभं करायचं. दहा बघितली की अकराव्यात पाणी कधी पिणार ते आधीच कळतं. मागवाले, तुम्हाला काका विचारतात ते सांगता येत नाही, कारण सांगण्यासारखं त्यात नसतंच. तो गुळाचा वास आहे, गूळ नव्हे.

निपाणीची_सून
मंगळवार, सकाळी ९:५८

वासावरसुद्धा दिवस निघतो काही लोकांचा, अनगोळकर.

जुना_मास्तर (खानापूर)
मंगळवार, दुपारी ३:२०

निवृत्त शिक्षक आहे, टायपिंग हळू. समजून घ्यावे.

आपला हा सीमाभाग मुळात व्याख्यानं ऐकणारा. लोकमान्यांनी होमरूल लीग १९१६मध्ये बेळगावातच स्थापन केली. महात्माजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते १९२४च्या इथल्याच अधिवेशनात. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्या वेळची. पण मला सांगायचंय ते घरातलं.

१९७१चा जानेवारी. मी आठवीत. १७ तारखेला सीमालढ्याचा हुतात्मा दिन. खासदार बॅरिस्टर नाथ पै बेळगावात बोलणार होते. वडील खानापुरातून गेले, मला नेलं नाही कारण परीक्षा. रात्री उशिरा परत आले. आई दारात कंदील घेऊन उभी. तिनं जेवलात का हेसुद्धा विचारलं नाही. विचारलं, "काय म्हणाले?"

वडील पायावर पाणी घेता घेता सांगू लागले. हातवारे करून, आवाज चढवून-उतरवून. शेजारचे दोघे-तिघे कुंपणापाशी आले. आजोबा पडवीत उठून बसले. मला आज त्यातला एक शब्दही आठवत नाही, पण तांब्या हातात धरून बोलणारे वडील जसेच्या तसे दिसतात. आई म्हणाली, अन्न निवतंय, उरलेलं उद्या. दुसऱ्या दिवशी बातमी आली, नाथ पै गेले. बेळगावातच, १८ तारखेला, वय अठ्ठेचाळीस. उरलेलं भाषण वडिलांनी नंतर कधीच सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

त्या काळी भाषणाला गावातून दोघं जायची आणि ऐकायची वीस. जाणाऱ्याला ठाऊक असायचं की दारात कोणीतरी विचारणार आहे, म्हणून तो तसंच कान देऊन ऐकायचा. तुमच्या काकांचा प्रश्न तोच आहे, मागवाले. तुम्ही नशीबवान, की तुम्हाला कोणी विचारतं. मी मोबाईलवर ऐकतो तेव्हा मला कोणी विचारत नाही. मंडळी गेल्याला सहा वर्षं झाली.

लॅबवाली
मंगळवार, रात्री ८:०५

मास्तर, वाचून थोडा वेळ गप्प बसले.

मागवाल्यांच्या "भारी होतं" वर एक प्रयोग झालेला आहे. २०१३चा, अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातला. विषय गमतीचा, तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच का असते. (नारिंगी रंगाचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. नारिंगी आणि काळा दोन्ही एकत्र दिसायला दोन एक्स लागतात, ते बोक्याकडं सहसा नसतात.) शिक्षिका एकच, मजकूरही शब्दशः एकच. एका व्हिडिओत ती ताठ उभी, डोळ्यांत बघून घडाघडा बोलते. दुसऱ्यात कागदावर वाकून अडखळत वाचते. मग विद्यार्थ्यांना विचारलं, तुमच्या किती लक्षात राहील? घडाघडावाल्या गटाला वाटलं भरपूर. परीक्षा घेतली तर दोन्ही गट जवळपास सारखेच.

म्हणजे चांगला वक्ता आपल्याला शिकल्यासारखं वाटायला लावतो. शिकणं वेगळं. मी स्वतः कॉलेजात शिकवते, त्यामुळं हे वाचून मला जास्त लागलं. पोरं "मॅडम, छान समजलं" म्हणतात तेव्हा आता मी घाबरते.

उद्यमबाग_नाइट_शिफ्ट
मंगळवार, रात्री १०:३०

ते असू दे हो, उपयोग होतो तो होतोच. माझा भाचा, डिप्लोमावाला, मुलाखतीला जाताना पाय लटलटायचे. मी त्याला एमी कडी या मानसशास्त्रवाल्या बाईचं २०१२चं भाषण दाखवलं. मुलाखतीआधी दोन मिनिटं कंबरेवर हात ठेवून छाती काढून उभं राहायचं, हार्मोन बदलतात, धीर येतो. पोरगं फाउंड्रीच्या संडासात दोन मिनिटं हनुमानासारखं उभं राहिलं. बाहेर लाइन लागली, कोणीतरी दार बडवलं. पण नोकरी लागली!

लॅबवाली
मंगळवार, रात्री १०:४७

अभिनंदन भाच्याचं. पण ते हार्मोनचं टिकलं नाही हो. मूळ प्रयोग २०१०चा, फक्त ४२ माणसांवर. २०१५मध्ये दुसऱ्या गटानं २०० जणांवर करून बघितला, हार्मोन जागचे हलले नाहीत. २०१६मध्ये तर मूळ प्रयोगातल्या पहिल्या लेखिकेनंच, डाना कार्नीनं, जाहीर लिहिलं की माझा आता यावर विश्वास नाही. धीर आल्यासारखं वाटतं एवढा भाग त्या २००च्या प्रयोगातही दिसला होता. भाषण मात्र अजून तसंच फिरतंय, आणि कोट्यवधींनी बघितलंय.

उद्यमबाग_नाइट_शिफ्ट
मंगळवार, रात्री १०:५१

म्हणजे आता त्याची नोकरी परत द्यायची काय?

तिरकस_अनगोळकर
मंगळवार, रात्री ११:०२

नको नको. फक्त संडासची लाइन मोकळी करा.

भाषणाला मूळव्याध नसते, हाच घोळ आहे. पेपरात चूक छापली तर निदान कोपऱ्यात शुद्धिपत्र येतं. भाषण एकदा वर चढवलं की टाळ्यांसकट कायमचं. जाता जाता अजून एक, विवेकानंदांचं शिकागोचं "मूळ आवाजातलं" भाषण दर सप्टेंबरला आमच्या ग्रुपवर येतं. ११ सप्टेंबर १८९३च्या त्या भाषणाचं ध्वनिमुद्रण अस्तित्वातच नाही. फिरतो तो आवाज नंतर कुणीतरी केलेला आहे. आणि गंमत बघा, ते शिकागोच्या जेमतेम अकरा महिने आधी, ऑक्टोबर १८९२मध्ये, आपल्या रिसालदार गल्लीत मुक्कामाला होते. तेव्हा त्यांना ओळखणारे किती असतील? आपण त्या घरावरून रोज स्कूटर नेतो आणि खोटा आवाज फॉरवर्ड करतो.

(मूळव्याध नव्हे, "दुरुस्ती" लिहायचं होतं. फोन स्वतःच शब्द घालतो. असू दे, शुद्धिपत्र समजा.)

शहापूरची_आक्का
बुधवार, दुपारी १:१०

माझं थोडं कडू आहे. गेल्या वर्षी "घरबसल्या स्वतःला बदला" असं एक मोफत वेबिनार होतं. दोन तास. माणूस इतकं सुंदर बोलला, स्वतःच्या आईबद्दल, की मी पदर डोळ्याला लावून बसले. शेवटच्या दहा मिनिटांत पडद्यावर घड्याळ उलटं फिरायला लागलं. आजच्या आज ४,९९९, उद्यापासून पंचवीस हजार. भिशीचे पैसे होते, भरले. मिळालं काय, तर त्याच्याच जुन्या भाषणांची यादी आणि एक ग्रुप, ज्यात रोज पहाटे पाचला सगळ्यांनी "मी करू शकते" लिहायचं. पैसे परत मागितले तर म्हणे तुमची मानसिकता अजून नकारात्मक आहे.

मालकांना अजून सांगितलेलं नाही. ते इथं येत नाहीत म्हणून लिहिलं.

चिकोडीचा_पाहुणा
बुधवार, दुपारी ४:३०

आक्का, वाईट वाटलं वाचून. सायबर पोलिसांकडं तक्रार टाकून बघा. १९३० हा नंबर आहे, पैसे जाऊन बरेच दिवस झाले असले तरी नोंद राहते.

तुमच्या उलट माणूस आम्ही बघितला. विजापूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामी. पांढरा सदरा, आणि त्याला खिसाच नाही. पद्मश्री जाहीर झाली तर २०१८मध्ये नम्रपणे नको म्हणाले. प्रवचनात आवाज चढवणं नाही, रडवणं नाही. आंब्याचं झाड, बैल, पाऊस यांबद्दलच बोलत राहायचे. कन्नडमध्येही आणि मराठीतही. आमची आजी कन्नडचं एक अक्षर न कळणारी, तरी कन्नड प्रवचनाला जाऊन बसायची. म्हणायची, "कळत नाही, पण बरं वाटतंय." २ जानेवारी २०२३ला ते गेले. आता त्यांचे व्हिडिओ आहेत, आम्ही बघतो. बरं वाटतं. पण मैदानावर सतरंजी टाकून, शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर आपलं झोपलेलं पोर देऊन ऐकायचं, ते मोबाईलमध्ये कुठून येणार?

अनगोळकरांच्या भाषेत हाही वासच असेल. असू दे.

बारा_खडी (जांबोटी)
बुधवार, रात्री ९:१५

मागवाल्यांनी "खाली अक्षरं असतील तर" लिहिलंय त्यावर. ती अक्षरं कोणीतरी बसून घालतं. टेडनं २००९मध्ये स्वयंसेवकांकडून भाषांतरं सुरू केली, त्यात मराठीही आहे. पैसे मिळत नाहीत, नाव येतं. मला त्यात उतरायचं आहे म्हणून सध्या घरी सराव करते.

नियम ऐका. एका ओळीत ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि वाचणाऱ्याला सेकंदाला २१ अक्षरांपेक्षा जास्त वाचायला लागू नये. इंग्रजीला ठीक. आपल्याकडं कॉम्प्युटर काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडलेलं चिन्ह, सगळं वेगळं मोजतो. "विद्यार्थ्यांसाठी" डोळ्याला पाच अक्षरं, कॉम्प्युटरला सतरा. इंग्रजीत तेच बारात बसतं, मधली मोकळी जागा धरून. त्यामुळं वाक्य सारखं छाटावं लागतं, आणि छाटताना कळतं की वक्त्याच्या दहा शब्दांतले सहा नुसते टाळीसाठी होते.

ब्रेने ब्राउन या अमेरिकन संशोधिकेचं ह्यूस्टनमधलं २०१०चं भाषण घेतलं सरावाला. त्यात "व्हल्नरेबिलिटी" हा शब्द दर दोन मिनिटांनी. असुरक्षितता? ती तर घराला कुलूप नसलं की वाटते. हळवेपणा? छे. चार दिवस डोक्यात तेच. शेवटी भात लावणीला गेले होते, तिथं शेजारीण सुनेबद्दल सांगत होती, "तिनं सगळं उघडं करून सांगितलं बघ माझ्यापाशी, लाजली नाही." मी चिखलात उभ्या उभ्या म्हटलं, मिळाला! "उघडं पडायची तयारी." लांब होतं, तरी ठेवलं.

एक भाषण चौदा रात्री घेतलं. आता मला झोपेत उठवून विचारा, पूर्ण सांगते.

जुना_मास्तर
बुधवार, रात्री ९:५०

वा! शाबास पोरी. "पोरी" म्हटलं, राग मानू नये.

बारा_खडी
बुधवार, रात्री ९:५३

राग कसला मास्तर. बेचाळिसाव्या वर्षी कोणी पोरी म्हणतंय, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

मागवाला
रविवार, संध्याकाळी ७:३०

उशीर झाला, माफी. लग्नसराईची ऑर्डर आहे, बारा तास माग चालूय. सगळ्यांचं वाचलं. आक्का, तुम्ही इथं लिहिलंत ते बरं केलंत.

मास्तरांचं वाचून गुरुवारपासून एक केलं. रात्री बघताना मनात धरलं की उद्या दहाच्या चहाला काकांना सांगायचंय. लगेच फरक पडला. अर्धी भाषणं पाच मिनिटांत बंद केली, कारण यात काकांना सांगायचं काय, हेच कळेना. मग एक सापडलं, सुगत मित्रांचं. दिल्लीच्या कालकाजीत १९९९मध्ये त्यांनी ऑफिसच्या भिंतीला भोक पाडून त्यात कॉम्प्युटर बसवला, पलीकडं झोपडपट्टी. शिकवायला कोणी नाही. पोरं आपली आपण शिकली. शुक्रवारी ते सांगितलं. निम्मं कन्नड, निम्मं मराठी, भोक हातानं दाखवून. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "पावसाळ्यात काय केलं?" मला माहीत नाही! हजार भाषणांत मला असला प्रश्न एकदा पडला नव्हता. पण दुसरा प्रश्नही आला, पोरींना पुढं येऊ दिलं काय पोरांनी? तेही माहीत नाही. आता शोधतोय.

काल मला वाटलं, रोज मी सांगण्यापेक्षा काकांनाच ऐकवू. कन्नडमधलं एक चांगलं काढलं आणि वायर त्यांच्या कानात घातली. माग बंद होते, चहाची वेळ होती, सगळं शांत. दोन मिनिटं ते माझ्याकडं बघत राहिले. मग हसून वायर काढून माझ्या हातात दिली. मी आवाज पूर्ण वाढवला, परत घातली. परत काढली.

चाळीस वर्षं काढलीत त्यांनी मागाच्या खटखटाटात. पाच वर्षं शेजारी उभा आहे, माझ्या कधी ध्यानात आलं नाही, कारण आत सगळेच ओरडून बोलतो आणि ओठांकडं बघूनच समजून घेतो. म्हणाले, "नी हेळ." तू सांग.

निपाणीच्या ताई, दीडपट नको, तुमचं एखादं साध्या वेगातलं, गोष्ट असलेलं सुचवा. पंधरा मिनिटांच्या आतलं, चहा तेवढाच असतो. उद्यासाठी मधमाश्यांवरचं एक काढून ठेवलंय, पण काका मधमाश्यांच्या बाबतीत माझ्यापेक्षा हुशार निघायची भीती आहे. करंट आहे तोवर बघून घेतो.